मागच्या पाट्याचा आवाज आणि माझ्या वहाणा

एका मोटारीच्या कुरकुरीपायी मी भर उन्हाळ्यात अठरा दिवस अनवाणी हिंडलो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का हिंडलो तेही ठाऊक आहे. पण शेवटी वहाणा परत पायात कशा आल्या, ते मी आजवर कुणाला धड सांगितलं नव्हतं, कारण ती गोष्ट माझ्या एकट्याची नव्हती. आता तिच्यातलं दुसरं कुणी राहिलं नाही. आणि या वयात माझ्या पोटात गोष्टी राहत नाहीत, गोळ्याच तेवढ्या राहतात. तेव्हा सांगून मोकळा होतो.

मी तेव्हा आक्काकडं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडं, काळेवाडीला राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रा, दारात एक शेवग्याचं झाड. दाजींचं, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचं, नदीपलीकडं चिंचवडच्या बाजूला मोठ्या रस्त्याला लागून गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, ऑइल पिऊन काळी झालेली जमीन आणि मधे एक लांबट खड्डा, ज्यात उतरून गाडीचं पोट बघायचं. पहाटे पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की आक्का स्टोव्हला पंप मारायला लागायची. पंपाचा फस फस, मग स्टोव्हचा भर्रर्र, आणि त्यावर लांबून कुठल्या तरी कंपनीच्या प्रेसचा दणका. जमिनीतून तो पायाला कळायचा. गावाकडं कोंबड्यानं जाग यायची, इथं लोखंडानं यायची. मला हे सगळं आवडत होतं. एकच गोष्ट आवडत नव्हती. स्टोव्हवरच्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा. एकदा तसं बोलून गेलो तर आक्कानं उलथनं रोखलं, "मग जा की आईच्या चुलीपाशी! बस जा तिथं खात."

तिथंच तर मला जायचं नव्हतं. आमचे आबा गाडीसुतार. चाकणच्या पुढं, खेडाच्या अंगाला आमचं गाव. आसपासच्या गावांच्या बैलगाड्या आबांच्या हातच्या. मी चौथीला दोनदा बसलो. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा मास्तर म्हणाले, हा बाक तुझ्याच नावावर करून देतो. मग आबांनी मला हाताखाली घेतलं. तीन वर्षं चाकांचे आरे तासले आणि एक दिवस मी तोंड उघडलं.

"आबा, गाड्यांचे दिवस गेले. रस्त्यानं ट्रक चालल्यात आन् तुमी आरे ठोकत बसलाय."

आबांनी हातातला वाकस, लाकूड तासायचं हत्यार, खाली ठेवला. "मग जा की ट्रकाकडं. पर तिथं हात न्हाई बसला, तर ह्या वाकसापाशीच येऊन बसायचं. आन् मग जल्मात मला शानपन शिकवायचं न्हाई."

"न्हाईच येत मी."

"येशील."

"न्हाई."

असं आमचं निरोपाचं बोलणं. आईनं एस्टीत बसताना पदराखालून शेंगदाण्याची चटणी दिली आणि म्हणाली, तुमी दोघं एकाच लाकडाचं. ते खरं होतं. अजून खरं आहे. माझा थोरला मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही चुकलात तरी हरत नाही. मी म्हणतो, बरोबर ओळखलंस.

दाजींकडं एका साहेबांची काळी मोटार यायची. साहेबांनी पिंपरीच्या पलीकडं शेड टाकून पत्र्याचे सुटे भाग काढायचं काम सुरू केलं होतं. माणूस खेड्यातूनच आलेला, पण आता पँटीची घडी मोडू न देता चालणारा. अंगानं भरपूर. त्यांची मोटार आणि दोन टेम्पो आमच्याकडंच असायचे, आणि गॅरेजची चूल म्हणा, आक्काचा स्टोव्ह म्हणा, अर्धा त्याच्यावर पेटायचा. तर त्या उन्हाळ्यात मोटार कुरकुरायला लागली. मागच्या चाकावर गाडीचा भार पेलायला पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले, धनुष्यासारखे वाकलेले. आवाज तिथूनच यायचा, म्हणजे यावा असं वाटायचं. खड्डा आला की आधी कर्रर्र, मग कुंईऽऽ, आणि शेवटी एक उसासा. कुणी म्हातारी बाजेवरून उठावी तसा.

दाजी चांगले मिस्त्री होते. त्यांनी पाटे धुऊन ग्रीस भरलं. आवाज गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. मग पाट्यांच्या डोळ्यातले, म्हणजे टोकाच्या भोकातले, रबरी बुश बदलले. गेला, तिसऱ्या दिवशी परत. मग बोल्ट आवळले, शॉकअप उतरवून चढवले, सीट काढून झटकली, जॅक आणि स्टेपनी गोणपाटात गुंडाळली, आणि दर वेळी पाट्यांत नवं ग्रीसही भरलं. प्रत्येक वेळी आवाज दोन दिवस रजेवर जायचा आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर. त्यातही गंमत अशी की दाजींनी स्वतः गाडी चालवून बघितली की आवाज मुकाट.

एक दिवस साहेब स्वतः आले. मी खड्ड्यात होतो. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते.

"मिस्त्री, माझ्याकडं पाव्हणे येतात. मोटार रडत रडत दारात येते. बरं दिसतं का हे?"

"साहेब, ह्या येळंला—"

"मागच्या येळेलाही हेच म्हणालात. पुण्यात ओळखीचं मोठं गॅरेज आहे. म्हणतो, टेम्पोही तिकडंच न्यावेत."

मला ते सोसलं नाही. मी खड्ड्यातून डोकं वर काढलं आणि माझ्या तोंडातून शब्द निघाले ते आजही मला ऐकू येतात.

"साहेब, आवाज मी काढतो. आन् आवाज जाईस्तवर मी पायात वहान घालनार न्हाई."

गावाकडं आमच्यात असा पण करायची रीत होती. कुणाची विहीर लागेपर्यंत, कुणाच्या मुलीचं जमेपर्यंत माणसं अनवाणी राहायची. पण ती राहायची देवापुढं बोलून. मी बोललो साहेबांच्या बुटांपुढं. साहेब खाली वाकले आणि ऑइलनं माखलेल्या माझ्या तोंडाकडं बघून हसले. "बरं. या महिन्याच्या अखेरीपर्यंत बघू तुझ्या वहाणा."

साहेब गेल्यावर दाजींनी माझ्या चपला उचलून वरच्या फळीवर ठेवल्या. "बोललास न्हवं? आता ऐक. टेम्पो गेले तर तुला घालायला माझ्याकडं काम न्हाई. त्या दिवशी तुला एस्टीत बसवनार. आबांकडं."

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं? पायाचे फोड तर काय, फुंकर घालून बरे होतात. पण आबांच्या समोर जाऊन वाकसाशेजारी बसायचं, आणि आबांनी काही न बोलता नुसतं माझ्याकडं बघायचं, त्यापेक्षा मी उन्हातल्या डांबरावर लोळलो असतो.

डांबर खरंच पातळ व्हायचं. काळेवाडीतून नदीपर्यंत मी सावली बघून उड्या मारत जायचो, पुढं रस्त्याच्या कडेच्या गवतातून. गल्लीतल्या बायका आक्काला विचारायच्या, भाऊ बैरागी होतोय का? आक्का रोज रात्री पायाला खोबरेल लावायची आणि लावताना शिव्या द्यायची. तेल आणि शिव्या दोन्ही सारख्याच चोळायची.

मी काय काय केलं! लांब पेचकस पाट्याला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. बंपरवर उभं राहून नाचलो. मागच्या सीटवर वाळूची पोती घालून बघावं म्हटलं, तर साहेबांचा ड्रायव्हर भिकूभाऊ अंगावर आला, सीट खराब होईल म्हणून. हा भिकू बुटका, गोल, कायम तंबाखू मळणारा आणि कायम खुशीत. मला म्हणाला, "भावा, कशाला जिवाला घोर? काही गाड्या कुरकुऱ्याच असत्यात. बायकांसारख्या." मी म्हणालो, डिकी उघड, आतून ऐकतो. लगेच त्याची खुशी गेली. "किल्ली साहेबांकडं हाय." दुसऱ्या दिवशी विचारलं तर, "किल्ली हरवली." तिसऱ्या दिवशी, "कुलूप गंजलंय." मी चौथी नापास असलो तरी एका कुलपाला तीन कारणं कशाला, एवढं मला कळत होतं.

महिना संपायला सहा दिवस होते. भिकू हवा भरायला आला आणि समोरच्या टपरीवर चहाला गेला. मी तारेचा आकडा करून डिकी उघडली, आत शिरलो आणि झाकण ओढून घेतलं, फटीत फडक्याचा बोळा अडकवून. विचार एवढाच की भिकू गाडी घेऊन निघेल, साहेबांना घेईल, साहेबांचं वजन पडलं की आवाज येईल, आणि मी तो जागेवर पकडीन. पुढं उतरायचं कसं, हा विचार मी केलाच नव्हता. तसा तो मी जन्मभर केला नाही.

आत अंधार, पेट्रोलचा वास आणि पाठीला काहीतरी टोचणारं. चाचपलं तर पोतं. पोत्यात हात घातला तर गोवऱ्या! शेणाच्या, वाळलेल्या, थापणारीच्या बोटांच्या ठशांसकट. साहेबांच्या मोटारीच्या डिकीत गोवऱ्या बघून मला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलंय. तेवढ्यात भिकू आला, गाडी निघाली. खड्ड्यातून गेली तरी आवाज नाही. मग थांबली, दार लागलं, गाडी डाव्या अंगाला दबली आणि साहेब म्हणाले, "चल, शेडवर." पहिल्याच खड्ड्याला माझ्या कानाखाली कर्रर्र, कुंईऽऽ आणि उसासा. मला असा आनंद झाला म्हणून सांगू, जसा कुणी नातेवाईक भेटावा. शेडवर साहेब उतरले. आणि साहेबांबरोबर आवाजही उतरला. भिकू एकटा निघाला तर गाडी परत मुकी.

म्हणजे ही मोटार फक्त साहेब आत असले तरच बोलत होती. आम्ही रिकामी चालवून बघत होतो आणि ती आम्हाला वेडं करत होती.

मी पाय लांब करायला गेलो तर पायाला एक डबी लागली. तंबाखूची पत्र्याची डबी. उघडली तर आत तंबाखू नाही, भुकटी. नाकाशी नेली, आणि त्या अंधारात मला आबा दिसले. वाकून, डोळे बारीक करून, चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ बसलेले. ती राळ होती, झाडाच्या वाळलेल्या चिकाची पूड.

हे जरा सांगायला पाहिजे. बैलगाडीच्या आसाला सगळे वंगण घालतात, गाडी गप्प चालावी म्हणून. पण आमच्या भागात काही माणसं आबांना सांगायची, सुतार, गाडी जरा बोलकी करा. घरधनी बाजारातून यायला निघाला की वेशीपासून त्याची गाडी ओळखू यावी, घरात पाणी तापायला ठेवता यावं, पोरांनी पत्ते लपवावेत. मग आबा वंगण पुसून आसाला चिमूटभर राळ चोळायचे. राळेनं लाकूड लाकडाला धरतं, सोडतं, परत धरतं, आणि प्रत्येक गाडी आपल्या सुरात बोलते. आबा सांगायचे, कुठली किती चिमूट ते माझ्या बोटाला ठाऊक. आणि इथं कुणीतरी तीच राळ मोटारीच्या पोलादी पाट्यांना चोळत होतं! दाजी ग्रीस भरायचे, आणि भिकू दोन दिवसांत ते पुसून राळ भरायचा.

मी रागानं लाल होऊन बसलो असताना गाडी थांबली, डिकी उघडली आणि गोवऱ्या काढायला भिकूनं हात घातला. त्याच्या हाताला माझा अनवाणी पाय लागला. तो असा ओरडला की बंगल्यावरचे पारवे उडाले.

"भिकूभाऊ," मी डबी वर धरून म्हणालो, "किल्ली सापडली व्हय?"

"हळू बोल! माझी नोकरी जाईल."

"तुझी? आन् माझी? माझे पाय बघ!"

"कोन हाय रं भिक्या?" मागच्या अंगणातून आवाज आला. आणि त्या आवाजाआधी मला वास आला होता. चुलीवरच्या भाकरीचा. माझा राग तिथंच अर्धा झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

साहेबांचा बंगला नवा होता, पांढरा, लाद्या इतक्या गुळगुळीत की माशी घसरावी. आणि त्याच्या मागं, धुण्याच्या दगडाआड, तीन विटांची चूल मांडून साहेबांच्या आई बसल्या होत्या. बया म्हणायचे त्यांना. वाळलेल्या खारकेसारख्या, कासोटा घातलेल्या, हात पिठाचे. भिकूनं भीत भीत सगळं सांगितलं. बयांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं आणि पायांशी नजर थांबली.

"तूच का तो वहाणा सोडलेला? बाळू सांगत हुता. कुठल्या गावचा?" बाळू म्हणजे साहेब.

मी गाव सांगितलं. आबांचं नाव सांगितलं. बयांनी भाकरी तव्यावर टाकायची ती हातातच धरली.

"सुताराचा तू? आरं, आमच्या ह्यांची गाडी तुझ्याच बापानं बोलकी केली हुती! वढ्याच्या पलीकडं असली तरी मला कळायची. तुझ्या बापाकडनंच ही राळ मला ठाऊक."

झालं. ज्याच्या हाताखालून मी पळून आलो, त्याचीच विद्या दाजींच्या गॅरेजला महिनाभर नाचवत होती.

मग बयांनी सांगितलं. साहेबांनी गॅस आणला होता, निळ्या जाळाचा. डॉक्टर म्हणाले होते, धुरानं आईचे डोळे जातील. साहेबांनी जुनी चूल स्वतः फोडली आणि आईकडून शपथ घेतली, परत चूल मांडायची नाही. "बाळूचं खोटं न्हाई. पर त्या गॅसवर भाकरी फुगती का? वरनं करपती, आतनं गिळगिळीत. धा महिनं मी भात खाल्ला. मग ह्या भिक्याला म्हनलं, गोवऱ्या आन. आन् बाळू मधीच घरी येतो, तर मला कळाया नको? तवा मला ह्यांची गाडी आठवली."

साहेब आले की गाडी कोपऱ्यावरच्या खड्ड्यात बोलायची. तेवढ्या वेळात चुलीवर पाणी, विटांवर पालथी बादली, आणि बया माळ घेऊन ओट्यावर.

"हॉर्न मारायचा की," मी भिकूला म्हणालो.

"साहेबांना चालत न्हाई. कॉलनीत हॉर्न मारनं म्हंजी अडानीपना म्हनत्यात."

मी मान ताठ केली. "बया, मी आवाज काढनार. मी बोललोय."

"आन् माझी चूल?"

"ते मला ठावं न्हाई."

"तुझा बाप गिऱ्हाइकाचं आयकायचा."

"माझं गिऱ्हाईक साहेब हाय."

बयांनी टम्म फुगलेली भाकरी काढली, हातावर फोडली, आतली वाफ माझ्या तोंडावर येईल अशी धरली, तिच्यावर ठेचा आणि तेलाची धार घातली आणि माझ्यापुढं ठेवली. मी म्हणालो, मला भूक नाही. मग तीन भाकरी खाल्ल्या. असली भाकरी खाल्लेल्या माणसाला चुलीच्या विरुद्ध बोलता येत नाही. तिसरीचा शेवटचा तुकडा तोंडात असताना माझी नजर बंगल्याच्या लोखंडी फाटकाकडं गेली. दोन झडपा, जाड बिजागऱ्या.

"बया," मी म्हणालो, "आवाज गाडीतून काढायचा मी बोललोय. फाटकाबद्दल मी काय बी बोललो न्हाई."

बया हसायला लागल्या ते डोळ्याला पदर लावेपर्यंत.

त्याच दुपारी मी फाटकाच्या बिजागऱ्या पुसून राळ चोळली. चार वेळा मापून, कमी-जास्त करून. आबांच्या बोटाला ठाऊक असलेली चिमूट माझ्याही बोटाला ठाऊक निघाली, हे मला तेव्हा जरा खटकलंच. फाटक असं बोलायला लागलं की शेजारच्या बंगल्यातली म्हैसही वळून बघायची. आता साहेब आले की भिकू उतरून फाटक उघडणार, फाटक ओरडणार, तेवढ्यात बादली पालथी.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात पाटे उतरवले, एकेक सुटा करून रॉकेलनं धुतला, ग्रीस भरून परत बांधला. दाजी म्हणाले, हेच तर मी तीनदा केलं. मी म्हणालो, हात हात असतो दाजी. केवढा आगाऊपणा! पण राळेचं नाव सांगितलं असतं तर बयांची चूल गेली असती, म्हणून आगाऊपणाच्याच आड लपलो. तीन दिवस गेले, चार गेले. मोटार मांजरासारखी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब आले, मागं बसून स्वतः खड्ड्याखड्ड्यातून फिरून आले आणि उतरून म्हणाले, "मिस्त्री, टेम्पो परवा पाठवतो सर्व्हिसिंगला." मग माझ्याकडं वळले. "काय होतं रे?"

"बारीकसं होतं साहेब. मुरलेलं."

"घाल आता चपला."

दाजींनी फळीवरच्या जुन्या चपला काढल्या नाहीत. पिंपरीच्या बाजारातून नव्या आणल्या, कातडी, जाड तळाच्या, करकरीत. त्या घालून मी आरशात पाय दिसतात का बघत होतो, आणि आक्का हसत होती.

आता माझी अक्कल बघा. एवढं सगळं साधल्यावर गप्प घरी बसावं की नाही? मला वाटलं, बयांना वहाणा दाखवाव्यात. आणि खरं सांगायचं तर भाकरीची वेळ होती. दुसऱ्याच दुपारी मी चिंचवडातून ऐटीत चालत बंगल्यावर गेलो. फाटक उघडलं, ते ओरडलं, आणि माझ्या कामावर मीच खूश झालो. आत गेलो, आणि ऐटीत फाटक मागं तसंच सताड उघडं टाकलं.

बया जेवायला घालताना वहाणांचं कौतुक करत होत्या. मी त्या काढून धुण्याच्या दगडावर ठेवल्या होत्या, दिसाव्यात म्हणून. जाळ मस्त पेटला होता. तव्यावरची भाकरी फुगत होती. माझ्या हातात अर्धी भाकरी, तोंडात घास. मी बयांना सांगत होतो की माझ्या कानासारखा कान अख्ख्या चिंचवडात नाही, मोटार चार फर्लांगावरून कळते मला. आणि सांगता सांगता बयांचं तोंड बदललं. त्या माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या.

मी वळलो. साहेब उभे होते. दहा पावलांवर. त्यांच्या मागं, बंगल्याच्या कडेला, त्यांची काळी मोटार उभी होती आणि भिकू तिच्या दाराशी पुतळ्यासारखा. मोटार कधी आली, मला ऐकू आलं नव्हतं. ती मी गप्प केली होती. फाटक बोललं नव्हतं. ते मी उघडं टाकलं होतं. माझ्याच दोन हातांनी मला धरून दिलं होतं.

साहेबांनी चुलीकडं बघितलं. आईकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या अर्ध्या भाकरीकडं बघितलं. मला टेम्पो दिसत होते, पुण्याच्या रस्त्याला लागलेले. एस्टी दिसत होती. वाकस दिसत होता. बया तर तशाच बसलेल्या, एक हात तव्याकडं, आणि इतक्या लहान दिसत होत्या की मला त्यांच्याकडं बघवेना.

साहेब मागं वळले. चालत मोटारीपाशी गेले, आत बसले. भिकूला काहीतरी म्हणाले. मोटार उलटी चालत फाटकाबाहेर गेली. कोपऱ्यावर गेली, दिसेनाशी झाली. आणि मग हॉर्न वाजला. एकदा. लांब. जरा थांबून परत एकदा, त्याहून लांब. ज्या कॉलनीत हॉर्न मारणं म्हणजे अडाणीपणा, त्या कॉलनीत भर दुपारी ती मोटार बैलासारखी हंबरत होती, पण जागची हलत नव्हती.

"बया! पानी वता!" मी तांब्या उचलला.

"थांब," बया म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि यावेळी धुराचा दोष नव्हता. "वाजवंना का. तेवढी भाकरी हुं दे."

त्यांनी भाकरी उलटली, फुगू दिली, काढली. मग सावकाश चुलीवर पाणी ओतलं, विटांवर बादली पालथी घातली आणि माळ घेऊन ओट्यावर बसल्या. तोवर मोटार हॉर्न देत कोपऱ्यावर उभीच. मी मागच्या भिंतीवरून उडी मारून जो पळालो, तो काळेवाडीपर्यंत. नदीपाशी आल्यावर पायाला चटका बसला आणि कळलं, वहाणा दगडावर राहिल्या.

त्या रात्री मी जेवलो नाही. आक्काला वाटलं, नजर लागली. सकाळी गॅरेजात मी खड्ड्यातच उतरून बसलो, खड्ड्यावर गाडी नसताना. दहाच्या सुमारास दोन टेम्पो आत आले. मागोमाग मोटार, आवाज न करता. मला परत ते बूट दिसले. बूट खड्ड्याच्या कडेला थांबले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी वरून खाली आलं. मी धरलं. कातड्याचा वास आला, आणि त्यातच थोडा धुराचा.

"गाडीत राहिल्या होत्या तुझ्या," साहेब म्हणाले. "आणि ते आमचं फाटक फार ओरडतं. त्याला हात लावू नकोस."